अर्धं ताट

तुम्ही कुठल्याही कचेरीत तक्रार घेऊन जा. टेबलापलीकडचा माणूस आधी तुमच्या तोंडाकडे बघत नाही, संगणकाच्या पडद्याकडे बघतो. पडद्यावर सगळं ठीक दिसलं की चूक तुमची. पाणी सुटलंय, दिवा लागलाय, पार्सल पोचलंय, पडदा तसं सांगतोय ना, मग तुम्ही कशाला बोंब मारताय? हा अनुभव ज्यांना आला नसेल ते भाग्यवान. मला आला आहे, तुम्हालाही आला असणार, आणि या गोष्टीतल्या काकूंना तर तो सलग तीन आठवडे येत होता.

काकूंचे यजमान शिंपी. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणत, तेच नाव पुढे कायमचं चिकटलं. एका सकाळी कापड बेतता बेतता त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, वाचा शाबूत राहिली, पण डावा हात आणि डावा पाय लाकडासारखा झाला. मोठ्या दवाखान्यातून त्यांना ज्या रुग्णालयात हलवलं, तिथे अशीच माणसं होती. मरणाच्या दारातून परत आलेली, पण अजून स्वतःच्या पायावर उभी न राहिलेली. दुसऱ्या मजल्यावर चाळीस पलंग. मास्तरांचा सतरा नंबर.

डॉक्टरांनी काकूंना एक आकडा सांगून ठेवला होता. "वजन अठ्ठेचाळीस होऊ द्या. अंगात तेवढं बळ आलं की व्यायाम झेपेल, तुमच्या घराचे जिने झेपतील. मग खुशाल घरी न्या." तेव्हा वजन सत्तेचाळीस होतं. एक किलोचा तर प्रश्न. काकूंनी घरी पलंगाला नवी गादी घातली, न्हाणीघराच्या भिंतीला धरायला दांडी ठोकून घेतली, आणि वाट बघत बसल्या.

त्याला दोन महिने झाले. आता वजन बेचाळीस होतं.

"साहेब, ते वाळत चाललेत," काकू म्हणाल्या.

समोर रुग्णालयाचे व्यवस्थापक बसले होते. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. वेळेवर यायचा, कुणावर खेकसायचा नाही, काकूंना नेहमी बसायला खुर्ची द्यायचा. आणि खुर्ची दिली की पडदा त्यांच्याकडे वळवायचा.

"हे बघा काकू. सतरा नंबर. सकाळचा नाश्ता पोचला. दुपारचं जेवण पोचलं. कालचं संध्याकाळचं पोचलं. एक मिनिटाचाही उशीर नाही. आणि हे उरलेलं अन्न. पूर्वी ताटात किती उरायचं, आणि आता बघा किती कमी उरतंय. सगळं हिरवं आहे."

"हिरवं आहे हो, पण माणूस पिवळा पडलाय."

व्यवस्थापक हसले नाहीत. काकूंनी ते हसण्यासाठी म्हटलंही नव्हतं.

"डॉक्टरांनी भूक लागायचं औषध सुरू केलंय ना?"

"केलंय. पण मला एक कळत नाही, साहेब. आम्हाला चार ते सहा भेटायला सोडतात, जेवणाच्या वेळी कुणाला वर येऊ देत नाहीत. तेव्हा आत काय होतं ते मला दिसत नाही. पण पूर्वी मी चारला आले की ते सांगायचे, आज दोनदा जेवलो. रोज. मी म्हणायची, दुपारचं जेवण दोनदा कसं देतील? तर म्हणायचे, देतात, ती मावशी देते. आणि आता म्हणतात, एकदाच देतात."

व्यवस्थापकांनी मान डोलावली. डोक्यावर परिणाम झालेल्या माणसांच्या बोलण्याला काय धरायचं, असं त्यांच्या मनात आलं, पण तोंडाने ते म्हणाले, "मी चौकशी करतो."

काकू गेल्या. जाताना खुर्ची होती तशी सरकवून गेल्या.

आता त्या "मावशी देते"कडे वळण्याआधी जावईबापूंची ओळख करून द्यायला हवी. दोन महिन्यांपूर्वी रुग्णालयाने जेवण वाढायला यंत्रं आणली. छातीएवढं उंच, चाकांवर चालणारं कपाट. कप्प्यांमध्ये ताटं, वर दोन निळे डोळे, आवाज साखरेत घोळलेला. मूळचं हे यंत्र गोदामातलं, खोके इकडून तिकडे नेणारं. पण आता अशी यंत्रं गोदामाच्या, कारखान्याच्या भिंती ओलांडून हॉटेलात, दुकानात, शाळेत, दवाखान्यात यायला लागली आहेत, तसं ते इथेही आलं. पलंगापाशी थांबायचं, "आपलं जेवण आलं आहे" म्हणायचं, कप्प्यातून ताट अलगद पुढे सरकवून पलंगावरच्या टेबलावर ठेवायचं आणि पुढच्या पलंगाकडे जायचं. चाळीस मिनिटांनी परत येऊन ताट उचलायचं. ते बोळातून निघालं की डॉक्टरसुद्धा भिंतीला चिकटून वाट द्यायचे. कुणी त्याला अडवायचं नाही, दुखवायचं नाही, आणि त्याने ठरलेल्यापेक्षा इकडची काडी तिकडे करायची नाही. म्हणून वॉर्डातल्या लोकांनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. नाव इतकं चपखल होतं की ते डॉक्टरांच्याही तोंडी बसलं.

जावईबापू आले आणि वॉर्डातल्या चार मावश्या गेल्या. दोघी निवृत्त झाल्या, एक दुसऱ्या शाखेत गेली, आणि चौथीला तळघरातल्या धुलाईखान्यात पाठवलं. मास्तरांना "दोनदा" जेवण देणारी ती हीच चौथी.

व्यवस्थापक जिना उतरून तळघरात गेले ते डोक्यात एक शंका घेऊनच. एका माणसाला दोन ताटं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडचं काढलेलं. आपल्या नाकाखाली हे चालत होतं?

धुलाईखान्यात यंत्रांचा घरघराट होता. मावशी चादरींच्या घड्या घालत उभ्या होत्या. वय साठीच्या अलीकडे, कंबरेला पट्टा, केसांवर फडकं. साहेब स्वतः खाली आलेले बघून त्यांच्या हातातली चादर तशीच राहिली.

"मावशी, खरं सांगा. सतरा नंबरच्या मास्तरांना तुम्ही दोन ताटं देत होतात?"

मावशींचा चेहरा उतरला. पकडले गेलो, हे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं.

"दोन नाही, साहेब. एकच."

"ते तर सांगतात दोनदा जेवायचो म्हणून."

"त्यांना तसं वाटायचं. मी एकच द्यायची. मधे फिरवायची."

"फिरवायची म्हणजे?"

मावशींनी इकडेतिकडे बघितलं. मग हातातली चादर टेबलावर पसरली आणि तिच्या बरोबर मधोमध बोट ओढलं.

"साहेब, मास्तरांना डावी बाजू नाही. हात-पाय नाही ते वेगळं. बाजूच नाही. डोळे चांगले आहेत हो त्यांचे, सुईत दोरा ओवतील. पण डावीकडे काही असतं हेच त्यांचं डोकं विसरून गेलंय. दाढी करतात ती उजव्या गालाची. मी डावीकडून हाक मारली तर उजवीकडे शोधतात. जेवायला बसले की ताटाचा उजवा अर्धा चाटूनपुसून साफ, मधे कात्रीने कापल्यासारखी रेघ, आणि डावा अर्धा तसाच्या तसा. त्यांच्या लेखी ताट रिकामं. चमचा ठेवून देतात."

"मग?"

"मग मी ताट फिरवायची. असं, अर्धा वळसा. डावीकडचं उजवीकडे आलं की म्हणायचे, अरे वा, अजून आहे की. मी म्हणायची, तुमच्यासाठी दुसरं आणलंय, गुपचूप जेवा. त्यांना वाटायचं दोनदा जेवले. मला काय, पोटात गेल्याशी कारण. चुकलं का माझं?"

व्यवस्थापकांच्या डोळ्यांपुढे तो हिरवा पडदा उभा राहिला होता.

मंडळी, त्या पडद्यामागे काय चाललं होतं ते आता ऐका. अन्न वाया जाऊ नये म्हणून यंत्राला एक सोय करून घेतली होती, आणि ती व्यवस्थापकांनीच मोठ्या हौसेने मागून घेतली होती. यंत्र परत आलेलं ताट तोलायचं. सलग तीन दिवस अर्धं अन्न उरलं, की चौथ्या दिवसापासून ते स्वयंपाकघराला कळवायचं, या पलंगाला कमी वाढा. कल्पना चांगलीच होती. ज्याला जेवढी भूक त्याला तेवढं. मास्तर अर्धं ताट जेवले, अर्धं उरलं. यंत्राने ताट लहान केलं. मास्तर त्या लहान ताटाचा अर्धा भाग जेवले. यंत्राने ते आणखी लहान केलं. मग त्याच्याही अर्ध्यावर मास्तर जगू लागले. एका मर्यादेखाली जायचं नाही अशी ताकीद यंत्राला होती, म्हणून ते तिथे थांबलं. उरलेलं अन्न दिवसेंदिवस कमी होत गेलं आणि पडदा हिरवा होत गेला.

कुणी खोटं बोललं नव्हतं. कुणी चोरी केली नव्हती. एका माणसाला दोन महिने उपाशी ठेवलं होतं आणि त्याची नोंद यशात झाली होती!

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" व्यवस्थापक जरा चढ्या आवाजात म्हणाले. आपल्याला घाम फुटला की आपण आवाज चढवतो, तसंच ते होतं.

मावशींनी चादरीची घडी घालायला घेतली. घडी पूर्ण झाल्यावरच त्या बोलल्या.

"तुम्ही विचारलं होतंत, साहेब. यंत्र यायच्या आधी ती कंपनीची मुलगी आली होती, गोड होती पोरगी. हातात ती काचेची पाटी घेऊन तिने विचारलं, मावशी, जेवणाच्या वेळी तुम्ही काय काय करता, सगळं सांगा, काही सोडू नका. तुम्ही शेजारी उभे होतात. मी काय सांगितलं, आठवतं?"

व्यवस्थापकांना आठवलं. चार मावश्यांची चार उत्तरं एका ओळीत मावली होती. ताट देतो, ताट आणतो. त्या मुलीने दोनदा विचारलं होतं, बस एवढंच? आणि मावश्या एकमेकींकडे बघून म्हणाल्या होत्या, एवढंच, दुसरं काय असणार.

"का नाही सांगितलं बाकीचं?"

"तिच्या मागे भिंतीवर कागद होता ना. तुमच्या सहीचा."

तो कागद अजूनही तिथेच होता. 'कर्मचाऱ्यांनी रुग्णांच्या पलंगापाशी विनाकारण रेंगाळू नये.' तीन वर्षांपूर्वी कुणीतरी तक्रार केली होती, मावश्या गप्पा मारत बसतात म्हणून. व्यवस्थापकांनी सही केली होती आणि विसरून गेले होते. मावश्या विसरल्या नव्हत्या. त्या तीन वर्षं चोरून माणुसकी करत होत्या.

"ताट फिरवायला वेळ लागतो, साहेब. ते अर्धं जेवेपर्यंत थांबावं लागतं. थांबलं की ते रेंगाळणं झालं. नऊ नंबरच्या आजी घास न चावता गिळतात, त्यांच्या हनुवटीला बोट लावून सांगावं लागतं, चावा, घाई नाही. बावीस नंबरचे काका भात उशीच्या खोळीत लपवतात, उद्या मिळेल न मिळेल म्हणून. चौतीस नंबरच्या बाईंसमोर कुणी बसलं नाही तर त्या घासच घेत नाहीत, नुसतं बसायचं, बोलायचंसुद्धा नाही. हे सगळं त्या पोरीला सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असतात, म्हणजे तुम्ही दुपारभर हेच करता होय? नोकरी जाईल म्हणून गप्प बसले. गप्प बसले म्हणूनच वॉर्डातली गेली, बघा." आणि त्या चक्क हसल्या.

व्यवस्थापक कपड्यांच्या गाठोड्यावरच बसले. तिथे खुर्ची नव्हती.

"तुम्हाला त्या यंत्राचा राग येत असेल," ते म्हणाले.

"छे, त्याचा कशाला? ट्रॉली ढकलून ढकलून माझी कंबर गेली. ती ट्रॉली जावईबापूंनी ओढली असती तर मी त्यांचे पाय धरले असते. पाय असते तर." मावशींनी पुढची चादर उचलली. "माझा धाकटा भाऊ गोदामात कामाला आहे. त्याच्याकडेही असलीच यंत्रं आहेत, तो फार वाखाणतो. खोका नेऊन जागेवर ठेवला की काम संपलं. बरोबरच आहे, खोक्याला कुठे भूक असते? इथे ताट जागेवर ठेवलं की काम सुरू होतं, साहेब. तुम्ही कामाच्या आधीचा भाग यंत्राला दिलात ते चांगलंच केलंत. पण काम कुणालाच दिलं नाहीत."

मी पुष्कळ शहाण्या माणसांची भाषणं ऐकली आहेत. यंत्रांच्या या नव्या पर्वावर इतकं नेमकं बोललेलं कुणाचं ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्यवस्थापक मावशींना घेऊन वर गेले. मास्तरांच्या टेबलावर ताट होतं. ताट कसलं, वाटीभर भात, थोडी उकडलेली भाजी, अर्धं केळं. मास्तर उजव्या हाताने सावकाश जेवत होते. व्यवस्थापकांनी या माणसाचा नंबर शंभर वेळा वाचला होता, त्याला जेवताना प्रथमच बघत होते. भाताच्या मधोमध खरोखरच रेघ पडली. डावीकडचं केळं तसंच राहिलं. मास्तरांनी चमचा ठेवला, ओठ पुसले, तेही उजवीकडचेच, आणि टेबलाकडे बघत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर कुरकुर नव्हती. संपलं तर संपलं, असा चेहरा होता.

मावशी उजव्या बाजूने गेल्या. ताटाला बोट लावलं, अर्धा वळसा दिला.

"अरे," मास्तर म्हणाले. "तू आलीस होय? मग दुसरं असणारच."

केळ्याचा तो तुकडा त्यांनी इतक्या घाईने तोंडात घातला की व्यवस्थापकांनी मान वळवली. तेवढ्यात चाळीस मिनिटं भरली, जावईबापू आले, आणि मास्तरांचा चमचा भातात असतानाच गोड आवाजात म्हणाले, "आपलं ताट घेऊन जात आहे. धन्यवाद." मावशींनी ताट घट्ट धरलं. यंत्र थांबलं, निळे डोळे मिचकावले, पुन्हा तेच वाक्य म्हणालं. तिसऱ्यांदा म्हणून ते पुढे गेलं. पडद्यावर सतरा नंबरापुढे पहिल्यांदाच लाल खूण उमटली.

आता इथे गोष्ट संपायला हवी. साहेबांचे डोळे उघडले, मावशी परत आल्या, यंत्र सुधारलं, मास्तर घरी गेले. मलाही तसंच लिहायला आवडलं असतं. पण आपण सगळे एकाच जगात राहतो, मला खोटं कशाला बोलायला लावता?

व्यवस्थापकांनी कंपनीला फोन लावला आणि यंत्राला ताट फिरवायला शिकवता येईल का, असं विचारलं. पलीकडून उत्तर देणारी मुलगी शांतपणे सगळं ऐकून घेत होती. "सर, यंत्र ठेवलेल्या वस्तूला ती उचलून नेईपर्यंत पुन्हा हात लावत नाही. तो सुरक्षेचा नियम आहे. कुणाला लागलं तर? पण तुमची सूचना मी नोंदवून ठेवते." ताट कमी करण्याची सोय बंद करता येईल का, असं त्यांनी विचारलं. येईल, अर्ज पाठवा, आठवडा लागेल. त्यांनी अर्ज पाठवला. स्वयंपाकघरात स्वतः जाऊन सांगितलं की तोवर सतराला पूर्ण ताट वाढा, यंत्र काहीही म्हणो.

मग त्यांनी मुख्य कार्यालयात चिटणिसांना फोन केला. मावशींना वॉर्डात परत घ्यायचंय म्हणाले.

"कुठल्या पदावर?" चिटणीस म्हणाले. "ती पदं रद्द झाली. यंत्राच्या कंपनीशी करार तीन वर्षांचा आहे. आणि तुम्ही काय बोलताय? तुमचा मजला तर आम्ही बाकीच्या शाखांच्या लोकांना नमुना म्हणून दाखवणार आहोत. पाहुणे आले की दोन शब्द तुम्हीच बोला."

"साहेब, एक माणूस उपाशी राहिला."

"मग त्याच्यासाठी काहीतरी सोय करा. एका माणसासाठी सगळी व्यवस्था बदलायची का?"

ते रागावून बोलले नव्हते. त्यांच्याही समोर पडदा होता आणि त्यावर चाळीस पलंगांमध्ये एकच लाल खूण होती. आठवड्यापूर्वी आपणही हेच बोललो असतो, हे व्यवस्थापकांना ठाऊक होतं. म्हणून ते भांडूही शकले नाहीत. भांडायला समोरचा माणूस तरी चुकीचा वाटावा लागतो.

संध्याकाळी काकू आल्या. व्यवस्थापकांनी त्यांना खुर्ची दिली, पण पडदा वळवला नाही. जे झालं ते सगळं सांगितलं. ती फिरवाफिरव, ती रेघ, ते लहान होत गेलेलं ताट. काकू आरडाओरडा करतील, कागद फेकतील, कोर्टात खेचीन म्हणतील, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. काकू बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या.

"म्हणजे भूक होती त्यांना?"

"हो."

"एवढे दिवस भूक होती, आणि मी त्यांना भूक लागायचं औषध पाजत होते."

रागवा, असं व्यवस्थापकांना म्हणावंसं वाटत होतं. काकू उठल्या आणि मास्तरांकडे गेल्या.

आपल्या हातात काय आहे, असं व्यवस्थापकांनी त्या आठवड्यात स्वतःला पहिल्यांदाच विचारलं. फार नव्हतं. भिंतीवरचा तो कागद त्यांच्या हातात होता, तो त्यांनी स्वतः काढला. चिकटपट्टीमागचा रंगही थोडा निघून आला. भेटीची वेळ त्यांच्या हातात होती, ती त्यांनी जेवणाच्या वेळांना जोडली. ज्याचं कुणी असेल त्याने येऊन शेजारी बसावं, असं कळवलं. चाळीसांपैकी चौदाजणांचं कुणीतरी आलं. काकू तर तिन्ही वेळा येऊ लागल्या. बाकीच्या सव्वीस जणांचं कुणी येण्यासारखं नव्हतं, किंवा ज्यांचं होतं त्यांना कामावरून सुटता येत नव्हतं. मावशी दुपारच्या स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत वर यायच्या. व्यवस्थापक आपला डबा बंद ठेवून यायचे. दोघांनी मिळून किती पलंग होणार? सात. फार तर आठ. नवव्या पलंगाशी जाईपर्यंत जावईबापू ताट घेऊन गेलेले असायचे.

आणि मास्तर? पूर्ण ताट मिळायला लागून पाच आठवडे झाले. वजन त्रेचाळीस झालं. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, की या वयात पायांतून गेलेलं बळ सगळंच्या सगळं परत येत नाही. ते दोन महिने व्यायामाचे होते, तेच वाया गेले. अठ्ठेचाळीस आता धरून चालू नका. काकूंनी घरी जाऊन नव्या गादीवर चादर टाकून ठेवली, धूळ बसू नये म्हणून.

एका दुपारी काकूंना ताप होता. मावशींना धुलाईखान्यातून सुटता आलं नव्हतं. सतरा नंबरपाशी व्यवस्थापक एकटेच गेले. मास्तर जेवले, रेघ पडली, चमचा खाली ठेवला. व्यवस्थापकांनी उजव्या बाजूने जाऊन ताट फिरवलं. त्यांना अजून सवय नव्हती, थोडा रस्सा सांडला.

"अरे वा, अजून आहे," मास्तर म्हणाले, आणि मग मान वर करून त्यांनी व्यवस्थापकांकडे नीट बघितलं. शिंपी माप घेताना बघतो तसं. "तुम्ही इथले साहेब ना?"

"हो."

"एक विचारू? मधे तुम्ही लोक जेवण कमी द्यायला लागला होतात का? का मलाच तसं वाटायचं?"

'तुम्हालाच तसं वाटायचं' असं म्हणणं सोपं होतं. आजारी माणूस होता, पुढच्या तासाला विसरलाही असता. पडद्यावर सगळं हिरवं होतं, कागदावर कुणाचा दोष नव्हता. व्यवस्थापक पलंगाच्या कडेला बसले.

"नाही, मास्तर. आम्ही कमीच देत होतो."

मास्तरांनी हळूहळू मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते समाधान होतं, आणि ते बघणं व्यवस्थापकांना सगळ्यात जड गेलं.

"मग बरं," ते म्हणाले. "मला वाटलं, माझंच डोकं गेलं. भूक लागायची हो फार. पण ताट तर रिकामं दिसायचं. म्हटलं, जेवलेल्या माणसाला भूक कशी लागेल, आपल्यालाच भ्रम झाला असेल. म्हणून कुणाला बोललो नाही." आणि ते जेवू लागले.

बंधुभगिनींनो, यंत्रं येतील. ती तुमच्या कचेरीत येतील, माझ्या गावच्या दवाखान्यात येतील, आपल्या मुलांच्या शाळेत येतील, आणि पुष्कळांच्या कंबरा वाचवतील. त्यांना दारातून परत पाठवा, असं मी म्हणत नाही. मावशीही म्हणाल्या नाहीत. पण यंत्राच्या हाती एखाद्याचं काम देण्याआधी त्या माणसाला नीट विचारा, तू दिवसभर काय करतोस? आणि तो 'काही नाही, एवढंच' म्हणाला, तर त्याच्या मागे भिंतीवर आपल्या सहीचा कागद तर लावलेला नाही ना, हे बघा. सांगायला त्याला भीती वाटत असेल, तर ती भीती आधी काढा. कारण त्याने न सांगितलेल्या कामावरच कुणाचा तरी जीव तगून असतो. एकदा तो माणूस गेला, की मागाहून कळून फारसा उपयोग होत नाही. मास्तर अजून तिथेच आहेत, सतरा नंबरला. उद्या दुपारी बाराला त्यांचं ताट येईल, आणि साडेबाराच्या आत कुणीतरी ते फिरवायला हवं.